उसनी गाणी आणि कंसातली नावं

या शनिवारी एका अशा तबकडीबद्दल लिहितोय जिच्या कव्हरवर तबकडीचं नाव नाही. बँडचंही नाव नाही. अंधारातून तिरकं बघणारे पाच पोरांचे चेहरे आणि कोपऱ्यात 'डेक्का' या रेकॉर्ड कंपनीचा शिक्का. बस्स. 16 एप्रिल 1964 रोजी ही एल.पी. इंग्लंडात दुकानांत आली. बँडचा मॅनेजर ॲन्ड्र्यू लूग ओल्डहॅम हट्टाला पेटला होता की कव्हरवर एक अक्षर छापायचं नाही. या ओल्डहॅमचं वय तेव्हा 20. गाणारा मिक जॅगर 20, गिटारवाला कीथ रिचर्ड्सही 20. म्हणजे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली पोरं! त्या वयात आम्ही कॅन्टीनचं बिल कोण देणार यावर वाद घालत होतो. असो.

बँड म्हणजे 'रोलिंग स्टोन्स', हे एव्हाना कळलंच असेल. यांच्यावर लिहिणाऱ्यांना तोटा नाही, आणि त्यांची लफडी, व्यसनं, ती जीभ बाहेर काढलेली खूण यात मला आज रस नाही. मला रस आहे तो या पहिल्या तबकडीतल्या एका साध्या हिशोबात. एकूण 12 गाणी. त्यातली 9 दुसऱ्यांची. उरलेल्या तिनांपैकी जॅगर-रिचर्ड्स या जोडीचं म्हणावं असं फक्त एक, 'टेल मी'. राहिलेल्या दोनांवर 'नँकर फेल्ज' किंवा नुसतं 'फेल्ज' असं नाव आहे, आणि 'नँकर फेल्ज' नावाचा माणूस कुठेच नव्हता. सगळ्या बँडनं मिळून काही केलं की ते या खोट्या नावावर टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. त्यातलं एक, 'नाऊ आय हॅव गॉट अ विटनेस', हे तर त्याच तबकडीवरच्या मार्व्हिन गेच्या उसन्या गाण्यावरून बेतलेलं, शब्दांशिवायचं वादन. म्हणजे उसन्याचं पुन्हा उसनं.

आणि ही तबकडी इंग्लंडात 12 आठवडे पहिल्या नंबरावर होती. तिच्याआधी बीटल्सच्या दोन तबकड्यांनी मिळून जवळजवळ वर्षभर ती जागा अडवून ठेवली होती. त्यांना हलवलं ते या उसनवारीनं.

रेकॉर्डिंगची गंमत ऐका. लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवर 'रीजंट साउंड' नावाचा एक टीचभर स्टुडिओ होता. भिंतींना आवाज शोषायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. मशीन दोन ट्रॅकचं, रेव्हॉक्स कंपनीचं. आज माझ्या फोनमध्ये याहून जास्त सोय आहे. जानेवारी-फेब्रुवारी 1964 मध्ये, दौऱ्यांमधून वेळ मिळेल तसे ते तिथे जात आणि सगळे एकत्र वाजवत. खोली एवढीशी की ड्रम्सचा आवाज गिटारच्या माइकमध्ये आणि गिटारचा गायकाच्या माइकमध्ये. वेगळं करण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे त्या तबकडीवर एक गढूळ, धुरकट आवाज आहे, एकाच माणसानं एकाच घशातून काढल्यासारखा. पुढे लाखो रुपयांची यंत्रं वापरून लोकांनी तो आवाज पुन्हा काढायचा प्रयत्न केला. जमत नाही राव. ती खोलीच तशी होती.

सगळी मिळून साधारण 33 मिनिटं. गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडलीत आणि सुटता सुटता लावलीत, तर मांडवा धक्का दिसायच्या आधी संपते. मी बऱ्याचदा तसंच ऐकतो. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉपची बॅग मांडीवर, मागे सीगल्सना चिवडा फेकणारी जनता, आणि कानात 'रूट 66'.

तर ही 9 गाणी कुणाची? 'आय जस्ट वाँट टू मेक लव्ह टू यू' विली डिक्सननं लिहिलेलं, शिकागोच्या मडी वॉटर्सनं 1954 साली गायलेलं. 'ऑनेस्ट आय डू' जिमी रीडचं. 'मोना' बो डिडलीचं. 'कॅरल' चक बेरीचं. 'आय अॅम अ किंग बी' लुइझियाना राज्यातल्या स्लिम हार्पोचं, 1957 सालचं. 'वॉकिंग द डॉग' मेम्फिसच्या रुफस थॉमसचं. 'रूट 66' मूळ बॉबी ट्रूपनं 1946 साली लिहिलेलं आणि नॅट किंग कोलनं प्रसिद्ध केलेलं. पण या पोरांनी ते चक बेरीच्या तबकडीवरून उचललं. एक ट्रूप सोडला तर ही बहुतेक सगळी मंडळी अमेरिकेतली कृष्णवर्णीय. कुणी कापसाच्या शेतावरून शहरात आलेला, कुणी आधी मुष्टियुद्ध खेळलेला (हा विली डिक्सन). त्यांच्या तबकड्या इंग्लंडात सहज मिळत नसत. जॅगर थेट शिकागोच्या 'चेस' कंपनीला पत्र लिहून मागवायचा. ऑक्टोबर 1961 मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर रिचर्ड्सनं जॅगरला पाहिलं आणि त्याची नजर गेली ती काखेतल्या तबकड्यांवर. एक चक बेरीची, एक मडी वॉटर्सची. लहानपणचे शेजारी, पण दोस्ती त्या दिवशी पक्की झाली. बँडचं नावसुद्धा मडी वॉटर्सच्या 1950 सालच्या गाण्यावरून घेतलेलं. नावापासून उसनवारी!

शिकवायला कुणी नाही. तबकडी लावायची, सुई उचलायची, पुन्हा तिथेच टेकवायची, बोटं बसेपर्यंत. ही शिकायची पद्धत आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगायला नको. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूडचं एकदरा, कुठल्याही कोळीवाड्यात हळदीच्या रात्री जा. बेंजो पार्टी असणारच. हा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याचा अमेरिकन बॅन्जोशी काडीचा संबंध नाही. मूळ जपानी, 1912 साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसानं बनवलेलं 'ताइशोगोतो', जे आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं. आणि अमेरिकेतला खरा बॅन्जो गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर तिकडे पोचलेला. म्हणजे आमच्या वाद्याचं नाव उसनं, आणि ज्याच्याकडून घेतलं तोही वनवासी. या वाद्याला पिकअप लावून, अॅम्प्लिफायरला जोडून, दोन ताशे, एक ढोल आणि एक कीबोर्ड घेऊन आमची पोरं रात्रभर जे वाजवतात ते सगळं कव्हर. कोळीगीतं, सिनेमाची गाणी, मधेच भीमगीत. आधी कॅसेटवरून शिकायचे, आता मोबाईलवरून. बेंजोवाल्याला नोटेशन येत नाही, पण दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा वाजवतो. आणि वाजवताना स्वतःचा एक झटका टाकतो, जो मूळ गाण्यात नसतो. हळदीत लोक त्या झटक्यावर नाचतात.

स्टोन्सनी हेच केलं. मडी वॉटर्सचं 'आय जस्ट वाँट टू...' ऐका: संथ, दमदार, पन्नाशीच्या जवळ पोचलेल्या माणसाच्या सबुरीनं म्हटलेलं, जरी तो तेव्हा पन्नाशीचा नव्हता. या पोरांनी तेच गाणं दुप्पट वेगात पळवलं. समजून कमी आणि घाईनं जास्त. विशीतल्या पोरांना सबुरी कुठली? पण त्या घाईत एक खरेपणा आहे. उलट 'किंग बी' त्यांनी अगदी मूळ गाण्याच्या पावलावर पाऊल ठेवून केलं, आणि माझ्या मते ते तबकडीवरचं सर्वात फिकं गाणं आहे. जॅगरलाही हे ठाऊक होतं. 1968 साली एका मुलाखतीत तो म्हणाला होता की स्लिम हार्पोचं 'किंग बी' ऐकायला मिळत असताना आमचं ऐकण्यात अर्थच काय. वरवर नम्रपणा वाटतो. पण लोकांना स्लिम हार्पो ऐकायला मिळत होता तो कुणामुळे, हा प्रश्न उरतोच ना? मला स्वतःला स्लिम हार्पो सापडला तो या तबकडीच्या मागच्या बाजूला, गाण्याच्या नावाखाली कंसात 'मूर' असं दिसलं म्हणून. त्याचं खरं नाव जेम्स मूर.

आता मुद्द्यावर येतो. तो कंस.

तबकडीवर गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिणाऱ्याचं नाव छापतात. आपण ऐकणारे तिकडे बघतही नाही. पण सगळा पैसा त्या कंसातून वाहतो. तबकडी विकली गेली की गाणाऱ्याचा वाटा वेगळा आणि लिहिणाऱ्याचा व त्याच्या प्रकाशकाचा वेगळा. कव्हर गाण्यावर गाणारा कितीही मोठा झाला तरी लिहिणाऱ्याचा वाटा कंसातल्या नावाकडेच जातो. आमच्या धंद्यात ओपन सोर्स कोड वापरला की लायसन्सची फाईल आणि मूळ लेखकाचं नाव तसंच ठेवावं लागतं, त्याच जातीची गोष्ट. ओल्डहॅमला हे गणित पक्कं कळलं होतं. म्हणूनच तो जॅगर-रिचर्ड्सच्या मागे लागला की स्वतः लिहा. दोघांना स्वयंपाकघरात कोंडलं आणि गाणं झाल्याशिवाय दार उघडलं नाही, अशी आख्यायिका आहे.

पहिल्या तबकडीवरचे कंस मात्र सरळ आहेत. डिक्सन, बेरी, मूर, थॉमस, सगळे जागच्या जागी. पैसा त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचला का? नाही. 'चेस' कंपनीच्या मालकांचीच 'आर्क म्युझिक' नावाची प्रकाशनसंस्था होती आणि तिच्याशी झालेले करार कलाकारांच्या हिताचे नव्हते. विली डिक्सनला 1970 च्या दशकात आर्कवर दावा लावावा लागला, तेव्हा कुठे त्याच्या गाण्यांचे हक्क त्याच्याकडे परत यायला लागले. पण दावा लावायला कागद होता. कागदावर नाव होतं. पुढे 'लेड झेपलिन'च्या 'होल लॉटा लव्ह' या 1969 च्या गाण्यावर त्याचं नाव मुळात नव्हतंच. त्यासाठी त्यानं 1985 साली वेगळा दावा केला आणि 1987 साली कोर्टाबाहेर तडजोड झाली. म्हणजे तिथे आधी नाव मिळवण्यापासून सुरुवात.

स्टोन्सचं या बाबतीत कौतुक करायचं तर ते नुसत्या कंसावर थांबले नाहीत. जून 1964 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर ते शिकागोला 2120 साउथ मिशिगन अॅव्हेन्यू या पत्त्यावर गेले. हाच तो चेसचा स्टुडिओ. (रिचर्ड्स सांगतो की मडी वॉटर्स तिथे शिडीवर चढून छत रंगवत होता. चेस घराण्यातले लोक म्हणतात, साफ खोटं.) मे 1965 मध्ये 'शिंडिग' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी अट घातली की हाउलिन वुल्फलाही बोलवा. वुल्फ तेव्हा 54 वर्षांचा, धिप्पाड. तो गात असताना ही पोरं त्याच्या पायाशी बसलेली दिसतात. ते फुटेज आजही आहे, जरूर बघा. अमेरिकेतल्या लाखो गोऱ्या घरांत स्वतःच्याच देशातला हा माणूस पहिल्यांदा दिसला, तो लंडनच्या पोरांच्या वशिल्यानं!

आपल्याकडे काय? मुंबईचे बीट ग्रुप साठ-सत्तरच्या दशकात हॉटेलांत आणि कॉलेजांत कव्हरच वाजवायचे. 1981 साली निघालेली 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडची 'ऑब्सेशन 77' ही एल.पी.सुद्धा बरीचशी उसन्या गाण्यांची. त्याच जगातून नंदू भेंडे आला. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा रॉक गायक. 1974 साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मध्ये त्यानं ज्युडास गायला, आणि 1978 साली पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त तो होता. आता हे नाटक बघा. पु.लं.नी ते ब्रेख्तच्या 1928 सालच्या नाटकावरून केलं, ब्रेख्तनं जॉन गेच्या 1728 सालच्या 'बेगर्स ऑपेरा'वरून, आणि गेनं आपल्या नाटकात त्या काळी लंडनच्या रस्त्यावर सगळ्यांच्या तोंडी असलेल्या चाली घातल्या होत्या. अडीचशे वर्षांची साखळी, पु.लं. ते ब्रेख्त ते गे अशी नावांसकट उलटी मोजता येते. त्याच्या मागे, रस्त्यावरच्या चालींपाशी, नावं पुसट होतात.

आणि मग कॅसेटचा जमाना. जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन' कॅसेटी आठवत असतील, किंवा आईबाबांच्या कपाटात असतील. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम होतं, की मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येतं. त्यावर ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचं अख्खं साम्राज्य उभं राहिलं. 2012 च्या दुरुस्तीनं ते कडक केलं: आता पाच वर्षं थांबायचं, मूळ गाण्यात बदल करायचा नाही, वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. थोडक्यात, या नियमाच्या आधारानं आज स्टोन्सची ती तबकडी भारतात काढता आली नसती. 50,000 प्रतींचा हिशोब कुठला नवा बँड भरणार? आणि मूळ गाणं दुप्पट वेगात पळवलं की 'बदल' झालाच. पण कायद्यात लिहिणारा तरी आहे. ज्याला लिहिणारा नाही, त्याचं काय?

यासाठी पुन्हा स्टोन्सकडे जाऊ, कारण त्यांचेही कंस पुढे सरळ राहिले नाहीत. 1969 च्या 'लेट इट ब्लीड' वर 'लव्ह इन व्हेन' नावाचं गाणं आहे. मूळ मिसिसिपीच्या रॉबर्ट जॉन्सनचं. त्यानं 1936 आणि 1937 साली टेक्ससमध्ये 29 गाणी रेकॉर्ड केली आणि 1938 साली, 27 व्या वर्षी तो मेला. तबकडीवर कंसात छापलं होतं 'वुडी पेन'. पुढच्या काही आवृत्त्यांवर 'पारंपरिक'. 1972 च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' वर त्याचंच 'स्टॉप ब्रेकिंग डाउन', तिथेही तेच 'पारंपरिक' आणि शेजारी बँडमधल्यांची नावं. पारंपरिक म्हणजे काय, तर कुणाचंच नाही. पैसे मांडणीकाराला. आणि हा काही हजार वर्षांपूर्वीचा अभंग नव्हता हो. त्या माणसाच्या स्वतःच्या आवाजातली, नाव छापलेली तबकडी अस्तित्वात होती!

हे प्रकरण कोर्टात गेलं. प्रकाशकाचं म्हणणं असं की तीसच्या दशकात तबकडी विकली म्हणजे गाणं प्रकाशित झालं, कॉपीराइट नोंदवला नाही, म्हणजे ते सार्वजनिक मालमत्ता. पण 1997 साली अमेरिकेच्या संसदेनं कायदा दुरुस्त करून सांगितलं होतं की 1978 पूर्वी नुसती तबकडी विकणं म्हणजे गाण्याचं प्रकाशन नव्हे. 2000 साली अपील कोर्टानं त्याच्या आधारे प्रकाशकाचा दावा फेटाळला. मेल्यानंतर 62 वर्षांनी. दरम्यान मिसिसिपीत वारस कोण हा वेगळाच खटला चालू होता. क्लॉड जॉन्सन नावाचा एक ट्रक ड्रायव्हर म्हणत होता की मी त्याचा मुलगा. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याच्या आईच्या म्हाताऱ्या मैत्रिणीनं कोर्टात येऊन, भर न्यायाधीशांसमोर, त्या दोघांना एकत्र पाहिल्याची सविस्तर साक्ष दिली. 1998 साली कोर्टानं त्याला वारस मानलं. खडीचा ट्रक चालवणाऱ्या माणसाला साठी उलटल्यावर दहा लाख डॉलरहून जास्त मिळाले.

हे वाचल्यापासून 'पारंपरिक' हा शब्द मला बोचायला लागला. कारण आमच्याकडे तो फार सैल हातानं वापरला जातो. रायगडात आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. हळद, मांडव, मुहूर्त, प्रत्येक विधीचे धवले तिला पाठ. एक ओळ ती म्हणते, मागच्या बायका उचलतात. ब्लूजमध्येही एक ओळ दोनदा म्हणून तिसरीनं तिला उत्तर द्यायची रीत आहे, त्यामुळे ऐकताना मला दोन्ही फार लांबची वाटत नाहीत. या चाली कॅसेटींवर आल्या, सीडीवर आल्या, आता डीजेच्या रीमिक्समध्ये आहेत. गायकाचं नाव असतं, संगीतकार म्हणून कुणाचं तरी असतं, कंपनीचं तर असतंच. गीत: पारंपरिक. काही धवले खरोखरच पिढ्यान्‌पिढ्यांचे असतील. पण सगळे? ज्या धव्यात मोटारलाँच आणि मुंबईचा धक्का येतो तो किती जुना असणार? तो कुण्या बाईनंच रचला असेल ना, साठ-सत्तर वर्षांपूर्वी, भाकऱ्या थापता थापता. तिला कंस मिळाला नाही, आणि कोर्टात जायला तिच्या आवाजातली तबकडीही नाही.

2016 साली स्टोन्सनी पुन्हा एकदा फक्त उसन्या गाण्यांची तबकडी काढली, 'ब्लू अँड लोन्सम'. लंडनमध्ये तीन दिवसांत रेकॉर्ड केली. 12 गाणी, त्यांचं स्वतःचं एकही नाही, आणि या वेळी 'नँकर फेल्ज'ही नाही. जॅगरचं हार्मोनिका-वादन त्यात अफाट आहे. सत्तरीत त्याला ती सबुरी सापडली जी 1964 साली नव्हती. या तबकडीला ग्रॅमी मिळालं ते 'पारंपरिक ब्लूज' या विभागात. पारितोषिकाचं नाव पारंपरिक, आणि आत प्रत्येक गाण्यापुढे माणसाचं नाव.

गेल्या दोन लग्नसराईंत मी अलिबागच्या आसपास धवले फोनवर रेकॉर्ड करतोय, गाणारीला विचारून. 41 झाले. एक साधी एक्सेल शीट आहे: गाव, विधी, गाणारीचं नाव, पहिली ओळ. 'रचना कुणाची' हा रकाना सगळा रिकामा राहिला. मग शेजारी 'कुणाकडून शिकली' असा दुसरा काढला, तो मात्र भराभर भरतोय. आत्याकडून. सासूकडून, ती थळची. पाणी भरताना शेजारणीकडून. एका आजीनं सांगितलं, "आईची आई म्हनायची, ती सोताच जोरायची." तिचं नाव विचारलं. आजी बराच वेळ आठवत राहिली, मग आतून आपल्या बहिणीला हाक मारली.